पायी वन्यजीव सफारी आणि उंच शिखर: टांझानियात दोन्ही एकाच प्रवासात कसे जुळवावे?

घाटवाट (नाशिक)

नमस्कार. मी, माझा धाकटा भाऊ आणि पदवीच्या शेवटच्या वर्षात शिकणारी माझी मुलगी असे तिघे पुढच्या वर्षी टांझानियाला जाण्याचे ठरवत आहोत. सह्याद्रीत चालण्याची आम्हाला चांगली सवय आहे आणि हिमाचल प्रदेशातील हम्प्टा खिंड, म्हणजे सुमारे ४,२७० मीटरची उंची, तिघांनीही फारसा त्रास न होता पार केली आहे. किलिमांजारो चढावा, अशी भावाची फार दिवसांची इच्छा आहे. माझी ओढ मात्र तिथल्या जंगलात पायी फिरण्याची आहे. ताडोबा आणि पेंच आम्ही जिप्सीतून पाहिले, आनंदही मिळाला, पण गाडीत बसून पाहिलेले जंगल डोळ्यांपुरतेच राहते. मातीतले ठसे, वाऱ्यावर येणारा वास, गवतात होणारी हालचाल यांतले फार थोडे आपल्यापर्यंत पोहोचते.

एका पर्यटन कंपनीने पाठवलेला कार्यक्रम असा आहे: मारांगू मार्गाने पाच दिवसांत किलिमांजारो, त्यानंतर लगेच तीन दिवस तारांगिरे आणि न्गोरोंगोरो येथे गाडीतून सफारी, आणि त्यातील एका सकाळी ‘वॉकिंग सफारी’. ही सकाळ नेमकी कोणत्या भागात घालवायची आणि किती वेळ चालायचे, हे विचारूनही नीट कळलेले नाही. शिवाय इतक्या मोठ्या चढाईनंतर थकलेल्या अंगाने जनावरांच्या प्रदेशात चालणे कितपत योग्य, अशीही शंका येते.

मला मुख्यतः हे जाणून घ्यायचे आहे की, पायी सफारी आधी करावी की शिखर आधी, आणि ज्यात खरोखर चालणेच मुख्य आहे असा कार्यक्रम तिथे आखता येतो का. मुलीची परीक्षा एप्रिलअखेर संपते, त्यामुळे आम्हाला मे महिना सोयीचा आहे. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

कारवी (पुणे)

ताई, किलिमांजारोच्या आधी माउंट मेरूचा विचार करावा, असे मी आग्रहाने सुचवेन. तुम्हाला ज्या दोन गोष्टी एकत्र हव्या आहेत त्या मेरूवर एकाच वाटेवर मिळतात, त्यासाठी दोन वेगळे कार्यक्रम जोडावे लागत नाहीत.

मेरू हा अरुषा राष्ट्रीय उद्यानातील ज्वालामुखी आहे. उंची सुमारे ४,५६० मीटर, म्हणजे तुमच्या हम्प्टापेक्षा थोडी अधिक. चढाई मोमेला दरवाज्यापासून सुरू होते आणि ही जागा साधारण १,५०० मीटरवर आहे. पहिल्या दिवशीची वाट सरळ वन्यप्राण्यांच्या वावरातून जात असल्यामुळे प्रत्येक गटाबरोबर बंदूकधारी वनरक्षक असावाच लागतो, त्याशिवाय कोणालाही पुढे सोडत नाहीत. मिरियाकांबा हे पहिले मुक्कामाचे ठिकाण सुमारे २,५०० मीटरवर आहे आणि तिथे पोहोचायला दोन वाटा आहेत. एक उत्तरेकडची, गवताळ भागातून जाणारी, जवळची. दुसरी दक्षिणेकडून जंगलातून वळसा घेणारी. चढताना लांबची वाट घ्यावी आणि उतरताना जवळची, म्हणजे दोन्ही पाहून होतात.

या लांबच्या वाटेवर घाई करू नका. सुरुवातीच्या मोकळ्या गवतात आफ्रिकी रानम्हशी, वॉर्टहॉग आणि जिराफ दिसण्याची शक्यता चांगली असते. अरुषा उद्यानात सिंह नाहीत, बिबटे आणि तरस मात्र आहेत. त्यामुळे असेल किंवा माणसांच्या रोजच्या ये-जा करण्यामुळे असेल, इथले जिराफ चालणाऱ्या माणसाला पाहून लगेच पळत नाहीत. बाभळीच्या शेंड्यावरून मान वर काढून ते आपल्याकडे एकटक पाहत राहतात, आणि खाली उभे राहून तेवढ्या उंचीवरचे डोळे पाहणे हा अनुभव गाडीच्या छतातून डोकावताना येत नाही. पुढे जंगल दाट होते, आणि वड-पिंपळाच्याच कुळातील एका झाडाने वाटेवर मोठी कमान केलेली आहे. काळ्या-पांढऱ्या कोलोबस माकडांसाठी मात्र वर पाहत चालावे लागते. पाठीवरची पांढरी झूल आणि शेपटीचा झुबका उडवत ती एका फांदीवरून दुसरीवर झेपावतात, आणि बऱ्याचदा आधी फक्त पानांचा आवाज येतो.

रानम्हशींविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण पायी सफारीत खरी काळजी त्यांची असते. कळप लांबूनच दिसतो आणि बहुतेक वेळा आपणहून बाजूला होतो. धोका असतो तो कळपातून वेगळ्या पडलेल्या म्हाताऱ्या नरांपासून, कारण ते झुडपात बसून राहतात आणि माणूस अगदी जवळ गेल्यावरच उठतात. आमच्या वनरक्षकाने एका ठिकाणी हात वर करून सगळ्यांना थांबवले तेव्हा आम्हाला समोर काहीच दिसत नव्हते. झुडपातून ऑक्सपेकर पक्षी फिस्कारल्यासारखा आवाज करत उडाले, एवढेच आम्ही पाहिले. हे पक्षी जनावरांच्या अंगावरचे गोचीड खातात, त्यामुळे ते जिथून उठले तिथे पाठ असणार, हे त्याने लगेच ओळखले होते. त्याने खिशातून राखेची लहानशी पुरचुंडी काढली, हलवून वारा कुठे वाहतो ते पाहिले, आणि आम्हाला वाऱ्याच्या खालच्या बाजूने मोठा वळसा घालून नेले. त्या म्हशीचे फक्त एक शिंग आणि ओल्या नाकपुड्या मला दिसल्या, पण तेवढ्या वेळात मी जंगलाविषयी जे शिकलो ते गाडीतून कधीही शिकलो नव्हतो.

मिरियाकांबानंतर वाट चांगलीच चढते. दुसरा मुक्काम सॅडल हट, सुमारे ३,५७० मीटर. दुपारी तिथून लिटल मेरू या सुमारे ३,८०० मीटरच्या टेकाडावर जाऊन परत यावे, म्हणजे शरीराला उंचीची थोडी ओळख होते. शिखराकडे मध्यरात्रीनंतर निघतात. ऱ्हायनो पॉइंटपासून पुढे विवराच्या अरुंद कडेवरून वाट जाते. एका बाजूला राखेचा उतार आणि दुसऱ्या बाजूला कित्येक शे मीटरचा कडा. तुम्हाला सह्याद्रीतील कड्यांची सवय असल्यामुळे भीती वाटणार नाही, पण थंडी, अंधार आणि विरळ हवा यांमुळे एकेक पाऊल जपून टाकावे लागते. हजारो वर्षांपूर्वी या पर्वताची पूर्वेकडची भिंत कोसळली, आणि ज्या मोमेला तळ्यांवर आज फ्लेमिंगो दिसतात ती तळी त्याच ढिगाऱ्यातील खळग्यांत साचली आहेत. शिखरावर उजाडते तेव्हा खाली विवरातील राखेचा शंकू आणि पूर्वेला किलिमांजारो एकाच वेळी दिसतो. तुमच्या भावांना आपला पुढचा डोंगर इतक्या चांगल्या जागेवरून दुसरीकडे कुठे दिसणार नाही.

आता किलिमांजारोविषयी. कंपनीने दिलेला पाच दिवसांचा मारांगू कार्यक्रम मी घेणार नाही. त्यात होरोंबो, सुमारे ३,७२० मीटर, येथून थेट किबो हट, सुमारे ४,७२० मीटर, येथे मुक्काम हलतो आणि त्याच रात्री ५,८९५ मीटरच्या उहुरू शिखराकडे निघावे लागते. उद्यानाचे शुल्क दिवसागणिक आकारले जात असल्यामुळे दिवस कमी केले की कार्यक्रम स्वस्त दिसतो, आणि म्हणूनच तो विकला जातो. मारांगूच घ्यायचा असेल तर होरोंबोला एक जास्तीचा दिवस मागून घ्या. मेरू करून गेलात तर त्याचा फायदा मिळेलच, तरीही मी लेमोशो मार्ग आणि सात किंवा आठ दिवस सुचवेन. तो पश्चिमेकडून जंगलातून चढतो, शिरा पठार ओलांडतो, आणि तिथे कोलोबस, निळी माकडे, क्वचित हत्तीची ताजी विष्ठाही दिसते. मात्र किलिमांजारोवर प्राणी पाहायला मिळतील, अशी अपेक्षा ठेवून जाऊ नका. प्राणी आहेत ते खालच्या जंगलात, आणि वाटेवर माणसांची वर्दळ पुष्कळ असते.

क्रमाविषयी माझे मत असे आहे की, आधी तारांगिरेमध्ये दोन दिवस राहून वनरक्षकाबरोबर पायी सफारी करावी, मग मेरू, एक दिवस विश्रांती आणि मग किलिमांजारो. पायी सफारीत पायांपेक्षा लक्ष अधिक लागते, आणि ते ताजे असतानाच द्यायला हवे.

मे महिना मात्र कृपया टाळा. मार्चच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत तिथे मोठा पाऊस असतो. वाटा निसरड्या होतात, गवत इतके वाढते की जनावर दहा पावलांवर असले तरी दिसत नाही, आणि पायी सफारीत ते केवळ गैरसोयीचे नाही, धोक्याचेही आहे. जून ते ऑक्टोबर किंवा जानेवारी-फेब्रुवारी हे दिवस चांगले. दिवाळीची सुट्टी सुरू होते त्या सुमारास तिकडे छोटा पाऊस येऊ लागतो, त्यामुळे तीही फारशी भरवशाची नाही.

रानजाई (मिरज)

कारवी यांनी मेरूविषयी जे लिहिले आहे त्याच्याशी मी पूर्ण सहमत आहे, परंतु तारांगिरे आधी ठेवण्याला माझी हरकत आहे. मी व्यवसायाने डॉक्टर आहे आणि स्वतःही या दोन्ही पर्वतांवर जाऊन आले आहे, म्हणून ही हरकत थोडी स्पष्ट करून सांगते.

तारांगिरे सुमारे १,१०० मीटरवर आहे आणि तिथे मलेरियाचे डास असतात. डास चावल्यापासून ताप येईपर्यंत साधारणतः किमान सात दिवस लागतात. म्हणजे प्रवासाच्या सुरुवातीला तारांगिरे केले, तर संसर्ग झालाच असेल तर ताप नेमका किलिमांजारोच्या वरच्या मुक्कामांवर येण्याची शक्यता राहते. तिथे डोकेदुखी, मळमळ, अंग मोडून येणे ही लक्षणे दिसली की प्रत्येक जण ती विरळ हवेची समजतो, आणि मलेरियाची तपासणी करण्याची तर सोयच नसते. दोन वेगवेगळी दुखणी एकमेकांच्या आड लपण्याची ही परिस्थिती मला अजिबात आवडत नाही. अपरिचित पाण्यामुळे बिघडणाऱ्या पोटाचेही तसेच आहे. जुलाबांनी अशक्त झालेला माणूस ४,००० मीटरच्या वर नीट चढू शकत नाही. म्हणून सखल भागातील सफारी शिखरानंतरच असावी. मेरूचा पायथा तुलनेने उंचावर आणि थंड आहे, आणि दुसऱ्या तासापासून आपण आणखी वर जातो, त्यामुळे पायी सफारीची ताई म्हणतात ती ओढ तिथे आधी भागू शकते.

कोणत्याही क्रमाने गेलात तरी मलेरियाची प्रतिबंधक गोळी घ्यावीच लागेल, आणि ती निवडताना डॉक्टरांना ‘आम्ही उंचावरही जाणार आहोत’ हे आवर्जून सांगा. डॉक्सिसायक्लिनमुळे त्वचा उन्हाला फार संवेदनशील होते, आणि उंचावरचे ऊन आधीच कडक असते. मेफ्लोक्विनमुळे काहींना चक्कर येते, झोप बिघडते, म्हणजे पुन्हा उंचीच्या त्रासाशी गल्लत. अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल हे मिश्रण डोंगरावर जाणाऱ्यांना बहुधा अधिक सोयीचे पडते; ते आधी एक-दोन दिवस सुरू करून मलेरियाच्या भागातून बाहेर पडल्यावरही सात दिवस घ्यायचे असते. उंचीसाठी अॅसिटाझोलामाइड घेणार असाल तर सल्फा औषधांची अॅलर्जी आहे का, ते आधी तपासून घ्या आणि ती गोळी पहिल्यांदा डोंगरावर घेण्याऐवजी घरीच एक-दोन दिवस घेऊन पाहा.

मेरूविषयी एक सावधगिरीची सूचना. ३,००० मीटरच्या वर गेल्यानंतर झोपण्याची उंची दररोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा सर्वसाधारण वैद्यकीय सल्ला असतो. मिरियाकांबा ते सॅडल हट ही एका दिवसातील १,००० मीटरची उडी आहे. तुम्ही हम्प्टाला ठीक होतात म्हणजे इथेही ठीक राहाल, असे धरून चालू नका, कारण उंचीचा त्रास एकाच माणसाला एका वेळी होतो आणि दुसऱ्या वेळी होत नाही. शक्य असेल तर मिरियाकांबाला एक जादा रात्र मागून घ्या. चालताना तोल जाणे, बोलण्यात गोंधळ, विश्रांती घेत असतानाही दम लागणे यांपैकी काहीही दिसले तर रात्र असो वा पाऊस, त्याच क्षणी खाली उतरायचे आहे. शिखर तासाभरावर आले असले तरीही.

पीतज्वराच्या लशीकडेही दुर्लक्ष करू नका. मुंबईहून जाणारी पुष्कळ विमाने नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे जातात, आणि केनिया व इथिओपिया हे भारताच्या दृष्टीने पीतज्वराचे देश आहेत. लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. तिचे प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालते, पण ते जवळ नसेल तर परतताना विमानतळावरच अलग ठेवले जाण्याची पाळी येऊ शकते.

घाटवाट (नाशिक)

दोघांचेही मनापासून आभार. मे महिना आम्ही रद्द केला आहे. मुलीच्या निकालानंतर जुलैच्या सुमारास जाता येईल का, ते पाहत आहोत. मेरू आधी, मग किलिमांजारो, आणि सखल भाग शेवटी, हे पटले. आता एवढेच विचारते की, शिखरानंतर एक-दोन दिवस चालण्याचे काही करायचे असेल तर तारांगिरेच बरे की दुसरी एखादी जागा आहे? आणि किलिमांजारोवर आपले सामान वाहणाऱ्या पोर्टरांना नीट वागवणारी कंपनी कशी ओळखावी? याविषयी जे वाचले त्याने मन अस्वस्थ झाले आहे.

अरुषाकर

मी नोकरीनिमित्त अरुषात राहतो आणि सुट्टीच्या दिवशी इथल्या डोंगरांत जातो, म्हणून दोन्ही प्रश्नांना उत्तर देतो.

शिखरानंतर चालण्यासाठी मला एम्पाकाई विवर सर्वांत योग्य वाटते. न्गोरोंगोरोच्या प्रसिद्ध विवराच्या तळाशी पर्यटकांना पायी फिरता येत नाही, हे बहुतेकांना ठाऊक नसते. एम्पाकाई त्याच संरक्षित क्षेत्रात, त्याच्या ईशान्येला आहे. सुमारे सहा किलोमीटर रुंदीचे हे विवर असून त्याचा बराच भाग एका खोल तळ्याने व्यापला आहे. वरच्या कडेपासून पाण्यापर्यंत दाट जंगलातून साधारण तासाभराची उतरण आहे, आणि इथेही सशस्त्र वनरक्षक बरोबर घ्यावाच लागतो, कारण वाटेत रानम्हशी, हरणे आणि क्वचित बिबटे असतात. खाली पोहोचल्यावर काठावर फ्लेमिंगोंची गुलाबी रांग दिसते, तेव्हा वाऱ्याबरोबर क्षारांचा उग्र वासही येतो. हवा स्वच्छ असेल तर वरच्या कडेवरून ओल दोइन्यो लेंगाई हा मसाई लोकांचा पवित्र ज्वालामुखी दिसतो. किलिमांजारोहून उतरलेल्या माणसाला ही चाल जड जात नाही, कारण तोपर्यंत शरीर उंचीला सरावलेले असते, आणि जागा उंच व थंड असल्यामुळे डासांचा त्रासही कमी. मात्र मध्ये एक पूर्ण दिवस विश्रांती ठेवा. गुडघे उतारावर सर्वांत जास्त दुखतात आणि एम्पाकाईत सुरुवातच उताराने होते.

तारांगिरे सोडून द्या, असे मी म्हणणार नाही. जुलैपासून इतरत्र पाणी आटते तसे हत्तींचे मोठमोठे कळप तिथल्या नदीवर येऊ लागतात, आणि ते दृश्य गाडीतूनही पाहण्यासारखे असते. तिथे पायी चालणे ठरावीक भागांतच आणि उद्यानाच्या वनरक्षकाबरोबरच करता येते. त्यामुळे कंपनीला असे लेखी विचारा: चालणे उद्यानाच्या आत आहे की बाहेरच्या गावाजवळच्या जमिनीवर, किती तास आहे, वनरक्षक आणि परवान्याचे शुल्क दिलेल्या रकमेत धरले आहे का. ज्या कंपनीने ‘एक सकाळ’ एवढेच सांगितले, ती बहुधा निवासाच्या आवारातली फेरी दाखवेल. तीही वाईट नसते, पण तुम्हाला हवे आहे ते हे नव्हे.

कपड्यांविषयी एक महत्त्वाची गोष्ट. आपल्याकडे ट्रेकसाठी मिळणारे कपडे बहुतेक काळे, गडद निळे किंवा भडक रंगांचे असतात. तारांगिरेतील त्सेत्से माशा काळ्या-निळ्या रंगाकडे ओढल्या जातात आणि पातळ कापडातूनही चावतात. भडक रंग प्राण्यांना लांबूनच सावध करतात. म्हणून मेरूच्या पहिल्या दिवसासाठी, एम्पाकाईसाठी आणि तारांगिरेसाठी मातकट किंवा फिकट खाकी कपड्यांचा जोड वेगळा ठेवा आणि थंडीचे रंगीत जाकीट सॅडल हटच्या वर वापरा. लष्करी छापाचे कपडे अजिबात आणू नका. प्लास्टिकच्या पिशव्यांवर या देशात १ जून २०१९ पासून बंदी आहे, त्यामुळे सामान बांधताना कापडी पिशव्या वापरा. तुम्ही शाकाहारी असाल तर चिंता नको. डोंगरावरचे स्वयंपाकी चपात्या, घेवड्याची उसळ, कोबी आणि भात व्यवस्थित करतात, फक्त आधी सांगावे लागते.

आता पोर्टरांविषयी. तुम्ही हा प्रश्न विचारलात याचा मला फार आनंद झाला, कारण बहुतेक लोक तो शेवटच्या दिवशी बक्षिसी देताना विचारतात, आणि तोपर्यंत काही बदलता येत नाही. किलिमांजारोवर एका पोर्टरने वाहायचे ओझे २० किलोपर्यंत मर्यादित आहे, त्याशिवाय त्याचे स्वतःचे सामान असते. दरवाज्यावर वजन केले जाते. पण दरवाजा ओलांडल्यावर कमी पोर्टर ठेवून तेच ओझे थोड्या माणसांत वाटून देण्याचे प्रकार होतात. किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट ही संस्था सहभागी कंपन्यांच्या चढायांवर मजुरी, जेवण, तंबू आणि ओझे यांची तपासणी करते. तुमची कंपनी त्यांच्या भागीदारांच्या यादीत आहे का, हे संस्थेकडूनच ताडून पाहा, कंपनीच्या शब्दावर विसंबू नका. शिवाय प्रत्येक पोर्टरला रोजची मजुरी किती मिळणार, दिवसातून किती वेळा जेवण मिळणार आणि ते कुठे झोपणार, हे तीन प्रश्न पैसे भरण्याआधी विचारा. नीट चालणारी कंपनी त्यांची उत्तरे आकड्यांसह देते.

चढताना रोज सकाळी ज्याने तुमची बॅग उचलली त्याच्याशी दोन शब्द बोला, त्याच्या पायात कसले बूट आहेत ते पाहा, आणि रात्री त्यांचा तंबू कुठे आहे, हे मार्गदर्शकाला विचारा. पाहुणे विचारतात, हे कळले की बऱ्याच गोष्टी जागच्या जागी सुधारतात. हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे. बक्षिसी देताना ती सगळी मुख्य मार्गदर्शकाच्या हातात एकत्र न देता, कोणाला किती हे सर्वांसमोर मोठ्याने वाचून द्या. मेरूवरही पोर्टर घेता येतात, तिथेही हेच लागू आहे. वनरक्षक मात्र उद्यानाचा कर्मचारी असतो. त्याची बक्षिसी वेगळी ठेवा.

दिवसांचा हिशेब सांगायचा तर, पोहोचल्यावर अरुषात एक दिवस विश्रांती, मेरूसाठी चार दिवस आणि रानजाई म्हणतात तशी मिरियाकांबाची जादा रात्र धरून पाच, मग एक दिवस विश्रांती, लेमोशोने आठ दिवस, पुन्हा एक दिवस विश्रांती, एम्पाकाईसाठी दोन आणि तारांगिरेसाठी दोन. असे एकूण वीस दिवस होतात, आणि येण्याजाण्याचे दिवस वेगळे. एवढी रजा मिळत नसेल तर तारांगिरे आधी काढा, मग एम्पाकाई. मेरू ठेवून किलिमांजारो सोडण्याचा विचारही तिघांनी एकदा बसून जरूर करा, कारण ताईंना जे हवे आहे ते सगळे मेरूवर आहे आणि भावाला ४,५०० मीटरच्या वरचे शिखरही मिळते. जुलैत जायचे असेल तर मेरूच्या दोन्ही मुक्कामांवरील खाटा आताच राखून ठेवायला सांगा; त्या महिन्यात त्या लवकर भरतात.